‘संध्याकाळी या’ म्हणतो तेव्हा दुकानात काय चाललेलं असतं?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात दोन वाक्यं रोज बोलली जातात. गिऱ्हाइकानं कॅबिनेट काउंटरवर ठेवलं की पहिलं, ‘संध्याकाळी या.’ संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की दुसरं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मधल्या वेळात आतल्या खोलीत काय चाललं होतं हे कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. मदरबोर्ड बदलण्याच्या कामात तर सगळं नाट्य याच मधल्या वेळात घडतं.

बोर्ड बसवणं तसं सोपं. जुना काढायचा, खालचे पितळी स्टँडऑफ जुळवून नवा ठेवायचा, स्क्रू आवळायचे, एसएमपीएसची चोवीस पिनांची केबल दाबायची आणि पॉवर स्विचच्या बारीक वायरी मॅन्युअल बघून खोचायच्या. सरावलेल्या हाताला यात विशेष काही नाही. कटकट सुरू होते ती पॉवरचं बटण दाबल्यावर. डिस्कवरचं विंडोज जुन्या बोर्डवर वाढलेलं असतं. आवाजाची चिप कुठली, लॅनची कुठली, डिस्कशी कुणामार्फत बोलायचं, हे सगळं त्यानं त्या बोर्डच्या हिशेबानं लिहून ठेवलेलं असतं. बदली झालेल्या कारकुनानं नव्या कचेरीत येऊनही जुन्याच कचेरीची रजिस्टरं उघडून बसावं, तसं ते वागतं. ही रजिस्टरं म्हणजेच ड्रायव्हर.

पुढचे किस्से पुण्याच्या पेठांमधल्या कामांचे आहेत. गिऱ्हाइकांची नावं मुद्दाम गाळली आहेत. त्यातले बरेच जण अजून येतात.

डिस्क ठणठणीत, तरी निळा पडदा

एक्सपीच्या जमान्यातली गोष्ट. शिकवणीचे क्लास चालवणारे एक सर. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्यांचा बोर्ड गेला. नवा बसवला, डिस्क तीच ठेवली. विंडोजचं चिन्ह आलं, खालची निळी पट्टी सरकली आणि क्षणभर निळा पडदा चमकून मशीन पुन्हा सुरू झालं. पुन्हा तेच. सर स्टुलावर बसून बघत होते. “म्हणजे डिस्क पण गेली का हो? सगळ्या पोरांचे पेपर त्यात आहेत.”

डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. पडदा थांबवून बघितला तर खालच्या आकड्याच्या शेवटी ‘७बी’ होतं. हा आकडा आमच्या धंद्यात पोरंसोरंही ओळखतात. अर्थ असा, की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. सुरुवातीचं लोडिंग बोर्डमध्येच असलेल्या बायोसच्या मदतीनं होतं, म्हणून चिन्ह दिसतं. मग विंडोज कारभार आपल्या हातात घेतं आणि डिस्क वाचण्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर पुढे करतं. तो असतो जुन्या बोर्डच्या कंट्रोलरचा. नव्याचा ड्रायव्हर हवा, तर तो आणायचा डिस्कवरून. आणि डिस्क वाचायची, तर आधी तो ड्रायव्हर हवा.

यावरचा तोडगा त्या काळात बायोसमध्ये असायचा. नवे बोर्ड साटा डिस्क ‘एएचसीआय’ पद्धतीनं चालवायचे आणि एक्सपीला ती पद्धत मुळात ठाऊकच नव्हती. बायोसमध्ये जाऊन ती ओळ ‘आयडीई’वर आणली की बऱ्याच मशीनचा निळा पडदा जायचा. सरांचंही तसंच झालं. पेपर होते तिथेच होते.

नव्यानं एक्सपी टाकायचं तर मजा आणखी निराळी. सेटअप सुरू होताच पडद्याच्या तळाशी एक ओळ येई: वेगळा डिस्क ड्रायव्हर असेल तर एफ ६ दाबा. दाबलं की तो ड्रायव्हर फ्लॉपीवर मागितला जाई. सीडी चालत नसे, पेन ड्राइव्ह चालत नसे. आणि हे अशा काळात, जेव्हा नव्या बोर्डांवरून फ्लॉपीचं कनेक्टरच गायब होत चाललं होतं. आमच्या गल्लीत कुणा एकाकडे यूएसबीवर चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह होती. ती सगळ्या दुकानांमधून फिरायची आणि परत मागताना भांडणं व्हायची.

विंडोज ७ आल्यावर फ्लॉपी सुटली, पण मूळ दुखणं राहिलं. एएचसीआयचा ड्रायव्हर त्यात होता, पण गरज नसेल तर तो निजवून ठेवलेला असे. रजिस्ट्रीत ‘एमएसएएचसीआय’ नावाच्या नोंदीपुढे ३ चा ० करायचा, मग बायोस बदलायचा. हा एक आकडा ठाऊक नसल्यामुळे किती चांगली विंडोज पुसली गेली असतील, देव जाणे.

जुलै महिना आणि मुका कीबोर्ड

इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर २०१५ च्या ऑगस्टमध्ये आले आणि पुढच्या जुलैत आमच्याकडे एका सीएंच्या ऑफिसातलं मशीन आलं. जुलै म्हणजे विवरणपत्रांचा महिना. सर दारातच म्हणाले, “मला विंडोज ७च पाहिजे. सहीचं टोकन त्यावर चालतं, पोरांचा हात त्यावर बसलाय. महिनाअखेर होईपर्यंत मला काही नवं शिकवू नका.”

नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, विंडोज ७ ची डीव्हीडी. बायोसमध्ये कीबोर्ड छान चालत होता. सेटअपनं भाषा विचारली आणि कीबोर्ड गप्प. माउस गप्प. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना. आमच्याकडच्या पोरानं कीबोर्ड बदलला, पोर्ट बदललं, शेवटी म्हणाला, “दादा, बोर्ड खराब आलाय. परत देऊ.”

बोर्ड उत्तम होता. त्या पिढीच्या चिपसेटमधून इंटेलनं यूएसबी २ चा जुना कंट्रोलर काढून टाकला होता आणि सगळी पोर्टं यूएसबी ३ च्या कंट्रोलरवर टाकली होती. विंडोज ७ बाजारात आलं २००९ मध्ये. त्याच्या डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. बायोस चालू असेपर्यंत तो कीबोर्ड सांभाळतो. सेटअपनं सूत्रं हातात घेतली की कीबोर्ड कुणाचाच उरत नाही.

अशा वेळी भंगारचा खण कामी येतो. त्यातून एक पिवळा पडलेला कीबोर्ड निघाला, गोल, जांभळ्या टोकाच्या वायरीचा. बोर्डच्या पाठीला अजूनही एक गोल पीएस/२ भोक शिल्लक होतं. पोरानं ते टोक हातात धरून उलटसुलट फिरवून बघितलं. त्यानं हे कधी वापरलंच नव्हतं. मशीन बंद करून ते खोचायचं, चालू असताना खोचलं तर बहुतेक वेळा ओळखलं जात नाही, हेही त्याला तेव्हाच कळलं. मग सगळा सेटअप टॅब, बाण आणि एंटर यांवर. माउस नाही. बोर्डच्या सीडीतून यूएसबीचा ड्रायव्हर टाकला त्या क्षणी टेबलावरच्या माउसचा लाल दिवा लागला आणि पोरगं ओरडलंच.

बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी यूएसबी ३ चे ड्रायव्हर विंडोज ७ च्या सेटअपमध्ये आधीच मिसळून देणारी छोटी साधनं काढली. पण त्या आठवड्यात पेठेतल्या कुठल्याही दुकानात गोल पिनेच्या कीबोर्डला नव्या कीबोर्डपेक्षा जास्त मान होता.

नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही

आता या कहाणीचा हल्लीचा अवतार. कॉलेजातला एक मुलगा घरीच बोर्ड बदलतो. विंडोज ११ टाकायला बसतो. सेटअप म्हणतं, आधी इंटरनेट जोडा. बोर्डवरची लॅन चिप सेटअपपेक्षा नवी, त्यामुळे तिचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नाही. वाय-फायचं तेच. ‘पुढे’ हे बटण दबतच नाही. ड्रायव्हर कुठे आहे? बोर्डच्या खोक्यातल्या सीडीत. आणि नव्या कॅबिनेटला सीडी ड्राइव्ह बसवायची जागाच ठेवलेली नाही.

त्या मुलाचे बाबा मशीन घेऊन दुकानात आले. “अहो, काहीतरी मोठं बिघडलंय. कालपासून त्या एका पानावर अडकलंय. इंटरनेटवाल्यालाही बोलावून झालं.”

यावरचा उपाय बहुतेकांच्या खिशात असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं मशीनला जोडायचा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. फोनला लॅन कार्डासारखं वागवणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, म्हणून फोनचं नेट थेट मिळतं. पुढे विंडोज स्वतःच बाकीचे ड्रायव्हर उतरवून घेतं. आयफोनचा इथे उपयोग होत नाही, कारण त्याला त्यासाठी स्वतःचाच ड्रायव्हर लागतो. त्या बाबांचा फोन काउंटरवरच होता. तो जोडला, सेटअप पुढे सरकलं. त्यांना मात्र ते पटेना. मोठा बिघाड निघाला असता तर त्यांचं समाधान झालं असतं.

पाटी एक्स९९ ची, आत भलतंच कुणी

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी मंडळी आमची खास गिऱ्हाइकं. कमी पैशात जास्त कोअर हवेत, म्हणून ती एक वाट धरतात: डेटा सेंटरमधून निवृत्त झालेला झिऑन प्रोसेसर, सर्व्हरची उतरलेली रॅम आणि चीनहून आलेला बिननावाचा बोर्ड. असाच एक दादा तुळशीबागेच्या गर्दीतून कॅबिनेट खांद्यावर मारून आला. “चालतंय फर्मास, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी उद्गारचिन्हं आहेत. नेटवर एक्स९९ चे ड्रायव्हर शोधून सगळे टाकून बघितले. एक सेटअप तर म्हणतं, तुमचं मशीन किमान अटीतच बसत नाही.”

बोर्डवर ठळक अक्षरांत इंटेलच्या महागड्या चिपसेटचं नाव, ‘एक्स९९’, छापलेलं. पण पाटीवर विश्वास ठेवायचा नाही, हा या धंद्याचा पहिला धडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे डिटेल्स, आणि खालच्या यादीत ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे एक लांबलचक ओळ असते. तिच्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढचे चार आकडे चिप बनवणाऱ्या कंपनीचे आणि ‘डेव्ह’पुढचे चार त्या चिपचे. इंटेलचा नंबर ८०८६. ज्या ८०८६ प्रोसेसरनं १९७८ साली त्यांचं नशीब काढलं, त्याचीच ही आठवण. एएमडीचा १०२२, रियलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई. रोज बघून हे पाठ होतात, लोकांना गाड्यांच्या पासिंगचे एमएच १२ आणि एमएच १४ पाठ असतात तितके.

दादाच्या बोर्डवर ८०८६ बरोबर होतं. पण चिपसेटच्या ओळीत ‘डेव्ह’पुढे ८सी५० निघालं. हा बी८५ चा नंबर, म्हणजे साध्या डेस्कटॉपचा चिपसेट. या स्वस्त बोर्डांवर असं सर्रास असतं. जुन्या बोर्डांवरून उतरवलेले चिपसेट पुन्हा वापरतात आणि पाटी मोठ्या नावाची लावतात. बी८५ चे ड्रायव्हर आणले, चिन्हं गेली. दादाला सांगितलं तेव्हा तो हिरमुसला. “म्हणजे मी ज्याचे पैसे दिले ते हे नाहीच?” एडिटिंगला त्यानं फारसा फरक पडत नव्हता, हे सांगूनही त्याचा चेहरा काही खुलला नाही.

जन्मतारीख १९६८

त्याच दादानं निघताना ड्रायव्हरची तारीख बघितली आणि दारातून परत फिरला. “अहो, तुम्ही १९६८ चा ड्रायव्हर टाकलाय!”

हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. इंटेलच्या चिपसेट ड्रायव्हरवर १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते. ती आहे इंटेल कंपनीच्या स्थापनेची. आणि विंडोजसोबत येणाऱ्या कितीतरी ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही एकच तारीख असते, मग विंडोज काल टाकलेलं का असेना.

दोन्हीमागे एकच युक्ती आहे. एका चिपसाठी दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील, तर विंडोज ज्याची तारीख नवी तो निवडतं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर ताजी तारीख टाकली, तर चिप बनवणाऱ्या कंपनीचा खास ड्रायव्हर मागे पडेल. म्हणून मुद्दाम मागची तारीख टाकायची आणि खास ड्रायव्हरला पुढे जाऊ द्यायचं. २००६ हे साल व्हिस्टाच्या घडणीतलं. त्याहून जुने ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये नकोत, म्हणून ती हद्द. मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी हे कारण जाहीरपणे सांगितलेलं आहे.

इंटेलच्या त्या चिपसेट ड्रायव्हरची आणखी एक गंमत. त्यातल्या बऱ्याच फाइलींमध्ये काम करणारं असं काहीच नसतं. ‘या नंबरची चिप म्हणजे अमुक’ एवढी ओळख असते. ती नसली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एसएम बस कंट्रोलर’पुढे पिवळं चिन्ह लागतं आणि गिऱ्हाईक घाबरतं. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ या नावानं तर आणखी घोळ होतो. लोक त्याला मॉडेम समजून मॉडेमचे ड्रायव्हर शोधत बसतात. इंटेलच्या नव्या बोर्डांवर तो बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिनचा निघतो.

दिवाळी अंक आणि प्रिंटर पोर्टातलं लॉक

गणपती उठले की डीटीपीवाल्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. दिवाळी अंकांची पानं लावायची असतात. अशा हंगामात अप्पा बळवंत चौकाच्या पुढच्या एका वाड्यातून फोन आला. जुना बोर्ड गेला, नवा टाकला, आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. ‘लॉक सापडत नाही’ एवढंच सांगून बंद होतं.

हे लॉक म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात ती खोचायची आणि तिच्या पाठीला प्रिंटरची केबल. डबी असेल तर सॉफ्टवेअर चालतं. नव्या बोर्डला ते पोर्टच नव्हतं. ऑपरेटर ताईंनी बाजारातून पोर्टाचं कार्ड आणून बसवूनही बघितलं होतं. प्रिंटर चालला, लॉक चाललं नाही.

कारण जुनी सॉफ्टवेअर ते पोर्ट ३७८ या एकाच पत्त्यावर शोधतात. बोर्डवरचं पोर्ट त्या पत्त्यावर असायचं. वरून बसवलेल्या कार्डाला विंडोज दुसराच कुठलातरी पत्ता देतं. सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतं आणि परत येतं.

मग शोध सुरू झाला अशा बोर्डचा, ज्याच्या पाठीला पोर्ट दिसत नाही पण अंगावर त्याच्या पिना असतात. त्या काळातल्या कित्येक स्वस्त बोर्डांवर कडेला ‘एलपीटी’ लिहिलेल्या पिनांच्या दोन रांगा असत. पट्टीसकट केबल वेगळी मिळते, ती लावली की खरंखुरं पोर्ट तयार होतं, तेही ३७८ वर. मॅन्युअलमधलं ते बारीक चित्र कुणी बघत नाही, म्हणून लोकांना वाटतं की पोर्ट गेलंच.

एवढं होऊन लॉकचा ड्रायव्हर अडला. तो ३२ बिटचा आणि ताईंनी टाकून घेतलेलं विंडोज ६४ बिटचं. व्हिस्टापासून ६४ बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर गाभ्यात घेत नाही, आणि ३२ बिटचा तर तिथे चालूच शकत नाही. शेवटी ३२ बिटचं विंडोज टाकलं. लॉक चाललं, पानं उघडली. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन, “आठ जीबी रॅमचे पैसे घेतलेत. इथे तीनच्या आसपास वापरात दाखवतंय. बाकीची कुठे गेली?” ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीच्या पलीकडचं वापरता येत नाही, हे त्यांना समजावताना जो वेळ गेला त्यात एक पुरवणी लावून झाली असती. अंक मात्र वेळेवर छापायला गेला.

पतसंस्थेतलं भूत

पतसंस्थेच्या मुख्य मशीनचा बोर्ड शनिवारी बदलला. सोमवारी सकाळी शाखेतल्या सगळ्या मशीनवर ‘सर्व्हर सापडत नाही’. बाहेर पिग्मी एजंट उभे, आत मॅनेजरसाहेब घामाघूम. मुख्य मशीनला जुना आयपी पत्ता द्यायला गेलो तर विंडोज म्हणे, हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. दुसरा अडॅप्टर तर कुठेच दिसत नव्हता.

तो होता जुन्या बोर्डबरोबर भंगारात गेलेल्या लॅन चिपचा. चिप गेली, तिची नोंद रजिस्ट्रीत राहिली आणि पत्ता तिनं धरून ठेवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की अशी भुतं फिकट रंगात दिसू लागतात. जुन्या विंडोजमध्ये त्याआधी कमांड प्रॉम्प्टवर एक ओळ टाकावी लागे. भूत अनइन्स्टॉल केलं, पत्ता मोकळा झाला.

मग कळलं की वसुलीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स लॅन कार्डाच्या मॅक नंबरशी बांधलेलं आहे. कार्ड नवं, नंबर नवा. सॉफ्टवेअर देणाऱ्यानं नवी की पाठवेपर्यंत एजंटांनी वह्या काढल्या. बोर्ड बदलण्याआधी शुक्रवारी एक फोन केला असता तर हे टळलं असतं. पण बोर्ड बदलणं म्हणजे स्क्रूचं काम, असंच सगळ्यांना वाटत असतं.

हल्लीचं सगळ्यात महाग बटण

आता विंडोज शहाणं झालंय. विंडोज १० किंवा ११ असलेली डिस्क नव्या बोर्डवर लावली की बहुतेक वेळा थोडा वेळ ‘उपकरणं तयार होताहेत’ असं दाखवून ते चक्क चालू होतं. निळे पडदे कमी झाले. धोका दुसरीकडे सरकला.

एका वास्तुविशारद बाईंनी एएमडीचा बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलून घेतले, घरीच, भाच्याकडून. पहिल्यांदा चालू करताच काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर आला: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएममधली माहिती जुळत नाही, पुसायची असेल तर वाय दाबा, ठेवायची असेल तर एन. त्याच मजकुरात बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचा, इशाराही असतो. तो वाचतो कोण? भाच्यानं वाय दाबलं. पुढच्या पडद्यावर विंडोजनं ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली.

बाई म्हणाल्या, “मी कधी पासवर्ड लावलाच नाही डिस्कला.” खरंच लावला नव्हता. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि २०२४ च्या विंडोज ११ पासून नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये तर हे जास्तच होतं. त्या कुलपाची किल्ली बोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएममध्ये असते. बोर्ड बदलला की किल्ली गेली. तेव्हा ४८ आकडे नसतील, तर आमच्यासकट जगातलं कुठलंही दुकान ती डिस्क उघडू शकत नाही.

त्यांचे आकडे सापडले, मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबर ओळ निवडायची असते, कारण तिथे जुन्या लॅपटॉपच्याही कीज पडलेल्या असतात. ज्यांनी अकाउंट दुकानदाराच्या ईमेलवर उघडून घेतलेलं असतं, त्यांना ही सोय नाही. अशा एका संशोधक विद्यार्थ्याला हात जोडून परत पाठवावं लागलं. त्याच्या प्रबंधाची शेवटची प्रत मार्गदर्शकांच्या ईमेलमध्ये निघाली म्हणून निभावलं.

फॉरमॅट का मारतात?

आता आतली गोष्ट. फॉरमॅटचा दर ठरलेला आहे, निदानाचा दर कुणीच देत नाही. हार्डवेअर आयडी वाचून, भूत शोधून, बायोसमधली एक ओळ बदलून मशीन चालू केलं, तर गिऱ्हाईक म्हणतं, “एवढंसं तर काम होतं!” फॉरमॅट मारून चार तासांनी दिलं, तर तेच गिऱ्हाईक खुशीनं पैसे मोजतं. त्यामुळे अवघड वाट धरण्यात दुकानदाराचा फायदा नाही, आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य तोंडात बसतं. कधी ते खरंही असतं. विंडोज खूप जुनं आणि ठिगळं लागलेलं असेल, तर स्वच्छ नवं टाकणंच बरं. पण दहा वेळा ऐकलेल्या त्या वाक्यात खरी गरज असलेले प्रसंग फार थोडे.

म्हणून बोर्ड बदलायचा असेल तर मशीन उघडण्याआधी ही कामं करा. डेटाची प्रत बाहेर घ्या. बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या आणि मग ते बंद करा. विंडोजला स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करा, म्हणजे नव्या बोर्डवर अ‍ॅक्टिव्हेशन गेलंच तर ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ असं सांगून ते परत मागता येतं. मात्र ब्रँडेड मशीनसोबत आलेलं विंडोज त्याच बोर्डला बांधलेलं असतं, हेही धरून चला. आणि नव्या बोर्डचे चिपसेट, लॅन व वाय-फायचे ड्रायव्हर, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच पानावरून, आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर लांब ठेवा. ती ड्रायव्हरपेक्षा जाहिराती जास्त टाकतात. हिशेबाचं किंवा लॉकचं सॉफ्टवेअर असेल तर देणाऱ्याला आधी फोन करा.

दुकानात दिलंत आणि फॉरमॅट सांगितला, तर ‘का?’ एवढं विचारा. कारण सांगता आलं तर मारू द्या. मशीन परत घेताना काउंटरवरच डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवायला सांगा आणि एकही पिवळं चिन्ह दिसलं तर ते जाईपर्यंत पैसे देऊ नका. दुकानदारानं शोध घेऊन, काही न पुसता मशीन चालू करून दिलं असेल, तर मात्र फॉरमॅटपेक्षा चार पैसे जास्तच द्या.